चंबूतला समुद्र



आपल्या मंडळींत मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या स्टेशनांवरच थांबते. मेडिकल, इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर, फार तर लॉ. एखादं पोर मधल्याच हॉल्टवर उतरलं की आईवडिलांची झोप उडते. गेल्या अंकानंतर आम्हांला जे फोन आले त्यांतला एक अशाच एका घरातून होता. मुलगी बायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला, मार्क उत्तम, आणि आता म्हणते की ओशनोग्राफीत पीएच.डी. करायची.

"अहो भाऊ, समुद्राचा अभ्यास करायचा म्हणजे नक्की करायचं तरी काय?" वहिनींनी विचारलं. "आणि अर्जात म्हणे शिक्षणाची आणि संशोधनाची पार्श्वभूमी लिहून मागतात. हिची कसली आलीय पार्श्वभूमी? लहानपणी दर सुट्टीत बीचवर शिंपले गोळा करायची, तेवढीच!"

फोनवर पाच मिनिटांत आटपेल असं हे उत्तर नाही, म्हणून ह्या खेपेचं सदर त्याच कामी लावत आहोत. नुसता उपदेश करण्यापेक्षा एक खराखुरा बायोडेटा समोर ठेवून तो ओळीओळीने वाचावा असं आम्ही ठरवलं. बायोडेटा आहे डॉ. अदिती पंत यांचा.

थोडक्यात तो असा. जन्म १९४३, नागपूर. बी.एस्सी., पुणे विद्यापीठ. एम.एस., हवाई विद्यापीठ. पीएच.डी., वेस्टफील्ड कॉलेज, लंडन विद्यापीठ. नोकरी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, गोवा. १९८३-८४, तिसरी भारतीय अंटार्क्टिका मोहीम. त्यानंतर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पुणे. वर्तमानपत्रांत आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ह्यांतली एकच ओळ छापली जाते. अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया दोन, भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. ही ओळ मोठीच आहे. पण वहिनींच्या मुलीला उपयोगी पडतील त्या ओळी तिच्या आधीच्या आहेत, आणि त्या कुणी फारशा वाचत नाही.

पहिली ओळ घराची. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आपल्याला सूर्यनमस्कारांमुळे ठाऊक असतात. ते स्वतः चित्रकारही होते, आणि १९३९ साली त्यांनी आपल्या संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती दिला. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी राहिले. पूर्व आफ्रिकेतल्या जुन्या मराठी मंडळींना हे नाव खास आठवत असेल, कारण १९४८ पासून काही वर्षं ते नैरोबीला भारताचे कमिशनर होते. अदितीबाई ह्या अप्पासाहेबांच्या कन्या. आई डॉक्टर. असं घर म्हटल्यावर परदेशी शिक्षणाला काय तोटा, असं कुणालाही वाटेल. पण अदितीबाई हवाईला गेल्या त्या अमेरिकन सरकारच्या शिष्यवृत्तीवर. आमच्या वाचकांपैकी जे तीन सुटकेसेस आणि एक आय-ट्वेंटी घेऊन इथे उतरले, त्यांना ह्या ओळीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

समुद्राची गोडी मात्र लागली एका पुस्तकामुळे. सर ॲलिस्टर हार्डी नावाच्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने 'द ओपन सी' हे पुस्तक लिहिलं. त्याचा पहिला भाग १९५६ साली निघाला. समुद्रात तरंगणाऱ्या, पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या सूक्ष्म जीवांवरचं, म्हणजे प्लँक्टनवरचं हे पुस्तक, आणि त्यातली रंगीत चित्रं हार्डींनी स्वतः जलरंगात काढलेली. हे हार्डी १९२५ ते १९२७ ह्या काळात 'डिस्कव्हरी' जहाजावरून दक्षिण महासागरात गेले होते. देवमासा जगतो कशावर, त्याचं खाद्य कुठे नि किती असतं, हे शोधण्याची ती मोहीम होती. अदितीबाई पुण्यात बी.एस्सी. करीत असताना हे पुस्तक त्यांच्या हाती आलं आणि हेच आपलं काम, असं त्यांनी ठरवलं. समुद्रापासून शेकडो मैल दूर जन्मलेल्या आणि मुळा-मुठेकाठी शिकणाऱ्या मुलीच्या मनात महासागर शिरला तो असा, ग्रंथरूपाने. तेव्हा वहिनी, शिंपले गोळा करणं ही पार्श्वभूमी अगदीच काही वाईट नाही.

दुसरी ओळ, बी.एस्सी. ह्या ओळीत समुद्र कुठेही नाही, आणि त्यात नवल नाही. आजही जगभरात बहुतेक समुद्रशास्त्रज्ञांची पहिली पदवी दुसऱ्याच कशात तरी असते. समुद्रविज्ञान हा एक विषय नाहीच, ते चार भावांचं एकत्र कुटुंब आहे. थोरला भौतिक. लाटा, भरती-ओहोटी, प्रवाह, पाण्याचं तापमान हे त्याच्याकडे. तो गणिताशिवाय बोलत नाही. दुसरा रासायनिक. पाण्यातले क्षार, विरघळलेले वायू, हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्र किती गिळतो, हे हिशेब तो ठेवतो. तिसरा भूशास्त्रीय. तळाचा गाळ, तळावरचे डोंगर, दऱ्या, ज्वालामुखी हा त्याचा प्रांत. आणि धाकटा जैविक, म्हणजे जीवाणूंपासून देवमाशापर्यंत सगळा गोतावळा. विद्यार्थी एकाच दरवाजाने आत येतो, पण ग्रॅज्युएट स्कूलच्या पहिल्या वर्षी त्याला चारही घरी जेवावं लागतं. बायॉलॉजीची मुलगी प्रवाहांची समीकरणं सोडवते आणि फिजिक्सचा मुलगा सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या पेशी मोजतो. दोघंही सुरुवातीला रडकुंडीला येतात. पण एक भाऊ काय करतो हे दुसऱ्याला ठाऊक नसेल तर समुद्राचं कोडं सुटत नाही. पाण्याचा थर किती खोल घुसळला गेला हे भौतिकवाल्याने सांगितल्याशिवाय पेशीला ऊन किती मिळालं हे जैविकवाल्याला कळणार कसं?

उन्हाचा हा प्रश्न आम्ही मुद्दामच मध्ये आणला. तिसऱ्या ओळीत, म्हणजे हवाईच्या एम.एस.मध्ये, अदितीबाईंच्या वाट्याला नेमका तोच आला.

हवाई बेटांभोवतीचं पाणी पोस्टकार्डावर फार देखणं दिसतं, गडद निळं आणि नितळ. पण समुद्रशास्त्रात निळं म्हणजे ओसाड. पाण्यात वनस्पती कमी, म्हणून ते निळं. आपल्या कोकणचं हिरवट गढूळ पाणी दिसायला सामान्य, पण जिवंतपणात कितीतरी श्रीमंत. अशा नितळ पाण्यात सूर्यप्रकाश फार खोल जातो. पृष्ठभागावर असतो त्याच्या शंभरावा हिस्सा प्रकाश सुमारे शंभर मीटर खोलीवरही पोचतो. त्याखाली अंधार. पृष्ठभागावर मात्र उष्ण कटिबंधातलं ऊन इतकं कडक की पेशींचं प्रकाशसंश्लेषण वाढण्याऐवजी मंदावतं. वैशाखात कुंडीतलं रोप मलूल होतं ना, तसंच. आणि ही समुद्री रोपं कुंडीत स्थिर नसतात. पाणी वरखाली घुसळलं की त्याच्याबरोबर तीही सकाळी उन्हात तर दुपारी अंधारात. मग ह्या वनस्पतींनी दिवसभरात अन्न बनवलं तरी किती? पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मं समुद्रातल्या ह्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती करतात. तेव्हा प्रश्न लहान नव्हे.

तो मोजायची एक युक्ती १९५२ साली स्टीमन नीलसन ह्या डॅनिश शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केली होती. दोन बाटल्यांत समुद्राचं पाणी घ्यायचं, एक बाटली काचेची उघडी आणि दुसरी काळी झाकलेली. दोन्हींत किरणोत्सर्गी कार्बनचं, म्हणजे कार्बन-१४ चं, अगदी थोडं बायकार्बोनेट घालायचं. काही तास बाटल्या प्रकाशात ठेवायच्या. वनस्पती नेहमीचा कार्बन खातात तसा हाही थोडा खातात. मग पाणी बारीक गाळणीतून गाळायचं आणि गाळणीवर राहिलेल्या पेशींतला किरणोत्सर्ग मोजायचा. उजेडातल्या आकड्यातून अंधारातला आकडा वजा केला की प्रकाशात किती कार्बन पक्का झाला ते मिळतं. वाचायला भजीच्या कृतीइतकी सोपी. करून पाहिली की कळतं की बाटलीत एकटीदुकटी पेशी नाही, अख्खं गाव आहे. शेकडो जातींच्या वनस्पती, त्यांतली प्रत्येक वेगवेगळ्या खोलीवरून आलेली, प्रत्येकीला उन्हाची वेगळी सवय. त्यांना खाणारे सूक्ष्म प्राणी. शिवाय असंख्य जीवाणू. वनस्पतीने बनवलेल्या अन्नातलं काही तिच्या पेशीतून पाण्यात झिरपतं आणि जीवाणू ते लगेच फस्त करतात. शेवटी गाळणीवर येतो तो आकडा कुणाचा, हेच सांगता येत नाही.

अदितीबाईंचं घोडं इथे अडलं. विषय हाताबाहेर चालला तेव्हा मार्गदर्शकांनी त्यांना सल्ला दिला तो असा. अख्खा समुद्र एकदम घेऊ नका. एकपेशीय शेवाळाची एकच जात घ्या, तिच्याबरोबर जीवाणू वाढू द्या, आणि त्यांच्यात कार्बनची देवघेव कशी होते तेवढंच पाहा.

वाचकहो, ह्या जागी आम्ही थोडं थांबणार आहोत, कारण आमच्या मते सगळ्या बायोडेटातली महत्त्वाची जागा हीच आहे आणि ती कागदावर कुठेच लिहिलेली नाही. घरच्यांच्या नजरेने पाहा. मुलगी महासागर शिकायला निघाली, सातासमुद्रापार पॅसिफिकच्या मधोमध जाऊन पोचली, आणि तिथे बसली ती एका चंबूपुढे! चहूकडे पाणीच पाणी आणि ही पाहते मूठभर पाण्यात. आपल्याला वाटेल, ही माघार झाली. पण संशोधनाचं शिक्षण म्हणतात ते नेमकं हेच. कॉलेजपर्यंत विषय मोठा होत जातो. एक पुस्तक झालं की दुसरं, एक पेपर झाला की पुढचा. ग्रॅज्युएट स्कूलमध्ये तो लहान करावा लागतो, इतका लहान की एका माणसाच्या हातून त्याचं खरं उत्तर निघेल. तो लहान करताना त्यातला जीव जाऊ द्यायचा नाही, हे कसब. चंबूत शेवाळ आणि जीवाणू दोन्ही ठेवले, म्हणजे समुद्रातलं मूळ भांडण चंबूतही शिल्लक राहिलं. जीवाणू काढून टाकले असते तर काम सोपं झालं असतं, पण मग तो समुद्र राहिला नसता.

चौथी ओळ, लंडनचं वेस्टफील्ड कॉलेज. पीएच.डी.चा विषय समुद्री शैवालांची शरीरक्रिया. वेस्टफील्डला १९६० ते १९७१ ह्या काळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते जी. ई. फॉग, आणि शैवालांच्या पेशींतून बाहेर झिरपणाऱ्या पदार्थांच्या अभ्यासात त्यांचं नाव मोठं. ऊन भरपूर आणि कार्बन डायऑक्साइड कमी अशी स्थिती आली की शैवाल ग्लायकोलेट नावाचा एक साधा पदार्थ पाण्यात सोडतं. तो कुणाच्या पोटात जातो? जीवाणूंच्या, की शैवाल स्वतःच तो परत घेतं? पंत आणि फॉग ह्या दोघांच्या नावाने १९७६ साली एक निबंध प्रसिद्ध झाला, तो स्केलेटोनीमा ह्या समुद्री डायटमवर, आणि जीवाणूंसकट वाढवलेल्या डायटमवर. म्हणजे पुन्हा चंबू, पुन्हा जीवाणू, पुन्हा कार्बन.

ह्याच वर्षांत जगात काय चाललं होतं ते पाहा. समुद्रातली अन्नसाखळी म्हणजे वनस्पती, त्यांना खाणारे बारीक प्राणी, त्यांना खाणारे मासे, अशी सरळ शिडी, हे पुस्तकांत लिहिलेलं होतं. १९७४ साली लॅरी पॉमेरॉय ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने म्हटलं की ही शिडी अपुरी आहे, ह्या व्यवहारात जीवाणूंचा वाटा आपण समजतो त्याहून फार मोठा आहे. १९८३ साली फरूक आझम, लाहोरला जन्मलेले आणि कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत काम करणारे, ह्यांनी सहकाऱ्यांबरोबर त्या विचाराला नीट आकार दिला. वनस्पतींतून झिरपलेला कार्बन जीवाणू खातात, जीवाणूंना त्याहून थोडे मोठे एकपेशीय जीव खातात, आणि तो कार्बन असा वळसा घेऊन पुन्हा साखळीत येतो. आज समुद्र हवेतला किती कार्बन डायऑक्साइड पोटात ठेवू शकेल ह्याचा हिशेब ह्या वळशाशिवाय होत नाही. हा शोध अदितीबाईंचा, असं आम्ही म्हणत नाही. पण ज्या प्रश्नाभोवती पुढे एवढा मोठा विचार उभा राहिला, त्याच प्रश्नावर एक मराठी विद्यार्थिनी होनोलुलू आणि लंडनच्या प्रयोगशाळांत राबत होती.

आता पाचवी ओळ. ही वाचताना आपल्यापैकी पुष्कळांना जरा चाळवाचाळव होईल. पीएच.डी. हातात, अनुभव दोन देशांतला, आणि बाई परत गेल्या. डॉ. एन. के. पणिक्कर हे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संस्थापक-संचालक. त्यांची भेट झाली आणि अदितीबाईंनी भारतात येऊन ह्या संस्थेत काम करायचं ठरवलं. १९६० च्या दशकात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोठी पाहणी केली. तिच्यातून १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था निघाली होती. पुढे तिचं मुख्य ठाणं गोव्यात दोना पावलाला झालं. अदितीबाई रुजू झाल्या तेव्हा संस्थेजवळ खोल समुद्रात जाणारं स्वतःचं मोठं संशोधन-जहाजदेखील नव्हतं. 'गवेषणी' आली ती १९७६ साली, तीही गाळ वाहणाऱ्या बार्जचं रूप पालटून केलेली. 'सागरकन्या' हे जहाज तर १९८३ साली आलं.

जहाज नाही तर किनारा. सुरुवातीच्या त्या वर्षांत त्यांचं काम झालं ते पश्चिम किनाऱ्याने, गुजरातच्या वेरावळपासून थेट कन्याकुमारीपर्यंत. इथला समुद्र हवाईसारखा नितळ निळा नव्हे. पावसाळ्यात नद्या लाल पाणी आणि गाळ घेऊन येतात, आभाळ महिनोन् महिने झाकलेलं असतं, म्हणजे पाण्यातल्या वनस्पतींना ऊन मिळायची मारामार. उलट त्याच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड पाणी वर येतं आणि बरोबर खतासारखे क्षार आणतं. मग प्लँक्टन मातून येतं आणि पाठोपाठ तारली, बांगडे येतात. आमच्या कोकणी वाचकांच्या ताटात जे पडायचं त्याची सुरुवात त्या पेशीत होती. प्रश्न तोच होता. ऊन किती, कार्बन किती, आणि खाल्ला कुणी?

परत जाण्याबद्दल आम्ही कुणाला काय सांगणार? आम्ही इथेच राहिलो, आणि हे सदर इथूनच लिहितो. पण एवढं नोंदवून ठेवतो की समुद्र हा विषय असा आहे की तो कुठल्याही किनाऱ्यावरून करता येतो, फक्त किनाऱ्याप्रमाणे त्याचे प्रश्न बदलतात. गोव्यातून शिकून अमेरिकेत स्थिरावलेले जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स हे शास्त्रज्ञ न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत बसून अरबी समुद्राचाच अभ्यास करीत आले. अरबी समुद्रात ऑक्सिजन कमी होत चाललेल्या पाण्याचा पसारा आणि नॉक्टिल्यूका ह्या जीवाचे हिरवे तवंग ह्यांचा संबंध दाखवणारा त्यांचा निबंध २०१४ साली आला. म्हणजे जाणं आणि राहणं ह्यांच्या मधलीही एक वाट आहे.

आणि मग ती प्रसिद्ध ओळ. डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून 'फिन पोलारिस' हे जहाज निघालं. मोहिमेचे नेते डॉ. हर्ष गुप्ता. भारताचं अंटार्क्टिकावरचं पहिलं कायम ठाणं, 'दक्षिण गंगोत्री', ह्याच मोहिमेने त्या उन्हाळ्यात बर्फावर उभं केलं, आणि बारा जण तिथे हिवाळा काढायला मागे राहिले. आधीच्या दोन मोहिमांत एकही स्त्री नव्हती. ह्या तिसऱ्या मोहिमेत दोघी होत्या. जहाजावर बाईमाणूस नको, हा दंडक फक्त आपल्याकडचा नव्हता बरं का. मेरी थार्प ह्या अमेरिकन बाईंनी १९५० च्या दशकात नकाशे काढता काढता अटलांटिकच्या तळावरची मधली खिंड शोधली. पण ज्या जहाजांनी आणलेल्या आकड्यांवर त्या काम करीत, त्या जहाजांवर पाऊल ठेवायची मुभा त्यांना पुढे कितीतरी वर्षं मिळाली नाही. तेव्हा १९८३ ची ती ओळ आपल्या मुलींनी जरूर पाठ करावी.

पण अदितीबाई तिथे गेल्या त्या झेंडा लावायला नव्हे, दक्षिण महासागरातल्या अन्नसाखळीचा अभ्यास करायला. आता हार्डींच्या पुस्तकाची आठवण करा. १९२५ साली हार्डी ज्या समुद्रात गेले त्याच समुद्रात, अठ्ठावन्न वर्षांनी, त्यांच्या पुस्तकाची पुण्यातली वाचक पोचली होती. त्या पाण्यातला मुख्य जीव म्हणजे क्रिल. आपल्या जवळ्याचा लांबचा भाऊ म्हणा, फक्त पुष्कळ मोठा, वाढून सहा सेंटिमीटरपर्यंत जाणारा. क्रिल डायटम खातं, आणि क्रिलवर देवमासे, सील, पेंग्विन सगळे जगतात. तिथल्या डिसेंबरात सूर्य मावळत नाही, पण तिरपा असतो आणि बर्फाखाली उजेड मंद. पाणी गोठायला टेकलेलं. क्षार भरपूर, तरी पुष्कळ भागांत वनस्पती त्या मानाने थोड्या. असं का, ह्याचं एक मोठं उत्तर पुढे १९९० च्या सुमारास जॉन मार्टिन ह्यांनी दिलं, की त्या पाण्यात लोह कमी पडतं. ते उत्तर १९८३ च्या जहाजावर कुणाजवळ नव्हतं. जवळ होता तो प्रश्न. होनोलुलूच्या कडक उन्हात, लंडनच्या चंबूत आणि मालवणच्या वाटेवरच्या पावसाळी ढगांखाली जो विचारला गेला, तोच आता बर्फाच्या कडेला विचारला जात होता. नंतर अदितीबाई पाचव्या मोहिमेतही गेल्या. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या विकरांवर, म्हणजे एन्झाइम्सवर काम केलं. चंबूतले जीवाणू शेवटपर्यंत सुटले नाहीत म्हणायचे!

तर वहिनी, अर्जातल्या त्या रकान्याचं उत्तर आम्हांला ह्या बायोडेटातून असं मिळतं. पार्श्वभूमी म्हणजे शाळा-कॉलेजांची यादी नव्हे. ती तर ट्रान्स्क्रिप्टमध्ये असतेच. पार्श्वभूमी म्हणजे आपल्याला कुठला प्रश्न पडला, तो आपण किती लहान करून पाहिला, त्यासाठी हाताने काय काम केलं, आणि कुठे अडलो. "मला लहानपणापासून समुद्र आवडतो" असं हजार अर्जांत असतं. "मी दोन महिने खाडीच्या पाण्यातल्या शेवाळाच्या पेशी मोजल्या, पावसानंतर आकडे का घसरले ते मला कळलं नाही, आणि ते कळून घ्यायचं आहे" असं लिहिणारी मुलगी प्राध्यापक लोक फोन करून बोलावतात.

काही व्यवहाराच्या गोष्टीही सांगून टाकतो. एक, गणित सोडू देऊ नका, जैविक शाखेलासुद्धा. आजचा समुद्रशास्त्रज्ञ उपग्रहांचे आणि पाण्यात सोडलेल्या स्वयंचलित तरंगयंत्रांचे आकडे वाचतो, तेव्हा थोडं प्रोग्रामिंगही हवं. दोन, शेवटच्या वर्षाआधीचा एखादा उन्हाळा प्रयोगशाळेत काढावा. वुड्स होलसारख्या संस्था कॉलेजच्या मुलांना उन्हाळ्यात फेलोशिप देऊन बोलावतात. तीन, पैशाची काळजी. शास्त्रातल्या पीएच.डी.ला अमेरिकेत फी भरण्याऐवजी बहुधा असिस्टंटशिप मिळते. घर बांधण्याइतका पगार नव्हे, पण भाडं आणि वरण-भात निघतो. २०२५ पासून मात्र इथल्या संशोधनाच्या सरकारी पैशाची अनिश्चितता वाढली आहे, म्हणून पत्र हातात येईपर्यंत मार्गदर्शकाकडे पैसा किती वर्षांचा आहे हे स्पष्ट विचारावं. त्यात संकोच नको. चार, कॉलेजच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. अडलेल्या विद्यार्थिनीला "एकच जात घ्या" म्हणणारा माणूस भेटणं हे मोठ्या नावापेक्षा मोलाचं. आणि पाच, जहाज लागतं. पहिले तीन दिवस बहुतेकांना लागतंच. आल्याच्या वड्या बरोबर द्या.

पोट भरेल का, हा वहिनींनी न विचारलेला पण फोनवर स्पष्ट ऐकू आलेला प्रश्न. भरेल. विद्यापीठं आहेत, हवामान आणि मासेमारीची सरकारी खाती आहेत, किनाऱ्यावरच्या शहरांना पाणी किती वर येणार हे सांगणारी माणसं हवी आहेत. डॉक्टर-इंजिनिअरइतकं लवकर नाही आणि तितकं घसघशीतही नाही. पाच-सहा वर्षं मुलगी काय करते हे नातेवाइकांना एका वाक्यात सांगता येणार नाही, ह्याची तयारी ठेवावी लागेल. पुण्यातल्या एका मुलीने शेवाळ आणि जीवाणूंच्या चंबूपुढे वर्षं काढली, तेव्हा तिच्या घरच्यांनाही चार लोकांत ते सांगताना थोडी कसरत करावी लागली असणारच.

जाता जाता एक विनंती. आपल्या मंडळाच्या घरांतून शास्त्रात पीएच.डी. करणारी मुलं-मुली बरीच असतील. त्यांनी आपण कुठला प्रश्न धरून बसलो आहोत ते दहा-बारा ओळींत, आजीला समजेल अशा मराठीत, आमच्याकडे लिहून पाठवावं. शब्द अडला तर इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत चालेल. दिवाळी अंकात ही टिपणं एकत्र छापायचा आमचा विचार आहे. पहिलं टिपण आम्ही वहिनींच्या मुलीकडून मागवलं आहे. तिने विषय कळवला आहे : खाडीतलं शेवाळ.